प्रश्न चौदावा

नाव लिहायचं नाही, असा नियम.
म्हणून फॉर्मवर ती सां-शून्य-एक्केचाळीस.
मी इथं तिला शालन म्हणते,
तेही तिचं नाव नव्हे.

सांगलीच्या मार्केट यार्डामागं, पॉलिशच्या ड्रमाशेजारी
हळकुंडं निवडत ती उत्तरं देत होती.
भुवया पिवळ्या, नखं पिवळी,
मानेवरून घामाची धार उतरली तीही पिवळी.
शिकवल्याप्रमाणे मी म्हटलं,
यात बरोबर किंवा चूक असं उत्तर नसतं.
ती म्हणाली, "मग इचारता कशाला?"

प्रश्न चौदावा :
गेल्या वर्षभरात मुलाला एखाद्या वस्तूनं मारलं का?
कधीच नाही. एकदोनदा. बऱ्याचदा. सांगायचं नाही.
"वस्तू म्हंजे?"
पट्टा, काठी, चप्पल, मी वाचलं.
"लाटणं धरायचं का वस्तूत?"
धरायचं.
"आन हात?"
हाताचा प्रश्न वेगळा. तेरावा. तो झाला.
"तेराव्याला मी न्हाई म्हनले न्हवं?
ते खोडा."

पोरगा पोत्यांच्या थप्पीआड.
त्यानं तिथं असायला नको, हाही नियम,
पण वखारीला दुसरी खोली नव्हती.
शाळेचा पांढरा सदरा, आणि पाठीवर
पाच बोटं, पिवळीजर्द,
अंगठ्यासकट.

"रातीला हळद बी मीच लावती वो.
गरम करून. सुजलं की."

हे कुठल्या रकान्यात लिहू,
मी संध्याकाळी फोनवर विचारलं.
पुण्याहून मॅडम म्हणाल्या, शेरा म्हणून ओळ आहे ना शेवटी, तिथं.
एक ओळ. साडेसात सेंटिमीटर.

माझे आजोबा हरिपुरात पेवांवर कामाला.
जमिनीखाली हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड न लागता.
पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, ते सांगायचे,
आतली हवा माणूस खाते.
काठावर बसायचं. मग दोरीनं कंदील सोडायचा.
विझला तर वर ओढायचा, पुन्हा बसायचं.
त्याच दोरीनं ते माझ्या आईला –
हे मला आईनं नाही सांगितलं. मावशीनं,
आई गेल्यावर, दहाव्याला.
आईनं मला कशानं, ते कुणी सांगायला नको.

प्रश्न बाविसावा :
तुमच्या लहानपणी घरातल्या कुणी तुम्हाला...
मी वाक्य पूर्ण वाचलं आणि पेन खाली ठेवलं.
ड्रम फिरत होता. धूळ उडत होती.
शालननं चार हळकुंडं निवडली,
पाचवं हातातच राहिलं.
मी म्हटलं, राहू दे हे आज.
बुधवारी येऊ का?

बुधवार झाले एकोणीस.
गोदामाच्या ओट्यावर बारा बायका, म्हणजे सात,
आणि पगाराच्या दिवशी कुणीच नाही.
हात वर गेला की पाणी प्यायचं, आम्ही शिकवलं,
आकडे मोजायचे, दाराबाहेर जायचं.
"दाराबाहेर सासू बसल्याली असती,"
कुणीतरी म्हणालं, आणि त्या दिवशी पुढं काहीच शिकवून झालं नाही,
सासूच चालली तासभर.

वर्षानं दुसरी फेरी. तोच फॉर्म, नवा कागद.
प्रश्न चौदावा.
शालननं बोटांवर काहीतरी मोजलं.
"दोनदा धरा. दिवाळीतलं धरून.
हात जातोय वो वर अजून.
पन मग ते आठवतं, वस्तू म्हंजे काय,
आन हसू येतं. कवा रडू.
तवर पोरगं पळतंय."

बाविसाव्याला ती म्हणाली, फुडं चला.
मी पुढं गेले.

शाळेची वेळ झाली. तिनं दप्तराचा बंद सरळ केला,
पाठीवर हात ठेवला, जरा जोरातच,
आणि त्याला रस्त्याकडं लावलं.
ताजी पाच बोटं, अंगठ्यासकट.
लांबून मारल्याची आणि थोपटल्याची
सारखीच दिसतात.
मी बराच वेळ बघत राहिले, ट्रॅक्टर आडवा येईपर्यंत.

शेरा :
मुलगा चालत गेला.